दुकाने व आस्थापना कायदा, महाराष्ट्र

दुकाने, हॉटेले, कार्यालये यांतील नोकरांचे कामाचे तास, सुटी व सोयी ठरवणारा राज्याचा कायदा. 1948 च्या मुंबई दुकाने व संस्था अधिनियमाच्या जागी आलेला 2017 चा अधिनियम 19 डिसेंबर 2017 रोजी अमलात आला. त्याने दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा, आठवडी सुटी व जादा कामाला दुप्पट मजुरी दिली. मात्र तेव्हा हे सारे 10 किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरते होते. बीड तालुक्यातील नेकनूरसारख्या आठवडी बाजाराच्या गावी किराणा, कापड वा चहाच्या दुकानात बहुधा एकदोनच नोकर असतात. म्हणजे ज्याची बाजू सर्वांत लंगडी, तोच कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला.

छोट्या दुकानदाराला नोंदवह्या व तपासनीस परवडत नाहीत, हा त्यांनाही कायदा लावण्यावरचा आक्षेप खोटा नाही. पण त्याचे उत्तर कागदपत्रे कमी करणे हे आहे. सुटीचा हक्क काढून घेणे नव्हे. ग्राहकाच्या बाबतीत अशी सूट नाहीच: वजनकाट्याची पडताळणी एकट्या दुकानदारालाही चुकत नाही. किमान वेतनालाही कामगारसंख्येची अट नाही. शिवाय 2022 च्या दुरुस्तीने मराठी पाटीची सक्ती 10 पेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही लागू केली. पाटीसाठी जो उंबरठा ओलांडता आला, तो आठवडी सुटीसाठी का नाही, याचे समाधानकारक कारण दिसत नाही.