पाठीवरची चिमूट

डोळे मिटू नका, नुसता समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरा. साल १९९५, महिना मे. तुम्ही महाड एसटी स्टँडवर घामानं निथळत उभे आहात. पोलादपूरकडून आलेल्या गाडीतून रातांब्यांची पोती आणि पिकल्या फणसाचा वास बरोबरच खाली उतरतो. "पुणे, वरंधमार्गे!" अशी हाळी येते. खिडकीतून कुणी जागेवर रुमाल टाकतं, कुणाची पिशवी तुमच्या पायावर आदळते, आणि कोपरं मारत तुम्ही आत शिरता. घाटात गाडी कण्हत चढते. शेजारच्या पोराला मळमळतंय, त्याची आई त्याच्या नाकाशी लिंबू धरते. तुम्हीही जरा पुढे वाका, हुंगून घ्या.

भोर, पुणे, मग दुसरी गाडी. उतरा. इथली हवा कोरडी. कोकणातला चिकट घाम वाळून शर्टावर मिठाचे पांढरे डाग उमटलेत. पुण्याजवळच्या ज्या सहा गावांत गर्भारपणाचा मोठा अभ्यास चालू आहे, त्यांतलं हे एक.

दार ठेंगणं आहे, वाका. आत बाळंतिणीची खोली. निखाऱ्यांवर ओवा पडतो, धूर डोळ्यांत जातो. कालच जन्मलेली मुलगी दुपट्यात घट्ट गुंडाळलेली, कपाळाला काळा टिळा. आई खाटेवर टेकून बसली आहे. या गावांतल्या बायकांचं गरोदर राहण्याआधीचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास. पोट पुढे आलं तरी विहिरीचं पाणी आणि शेतातली खुरपणी सुटलेली नाही. गरोदरपणात त्यांच्या पोटात काय जातं, तेही या अभ्यासानं मोजलंय: दिवसाला साधारण १,७०० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिनं. हे काम पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं.

"अगं बाई, किती मोजाल? दृष्ट लागंल पोरीला," आजी कुरकुरते. पण मोजायला आलेल्या अभ्यासाच्या कार्यकर्तीचे हात सरावलेले आहेत. वजन झालं. डोक्याला फीत, दंडाला फीत, पोटाला फीत. मग ती खांद्याच्या फऱ्याखालची कातडी अलगद चिमटीत धरते आणि कॅलिपर लावते. त्या चिमटीत कातडी येते आणि तिच्याखालची चरबी येते, स्नायू येत नाही. पोरगी टाहो फोडते. नीट बघा, अख्खा शोध त्या चिमटीत आहे.

इथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं दंडानं बारीक आणि पोटाच्या घेरात तर फारच मागे. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पाठीवरची चरबी मात्र सगळ्यांत कमी घटलेली. आईच्या पोटात टंचाई असताना शरीरानं चरबी राखली आणि बाकीच्या गोष्टींत काटकसर केली. २००३ साली हे निष्कर्ष छापून आले आणि 'थिन-फॅट इंडियन बेबी' हा शब्दप्रयोग जगभरच्या मधुमेहतज्ज्ञांच्या तोंडी बसला.

पुढच्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो आला. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२. गाजला तो फोटो. मला मात्र या धुरकट खोलीतलं मोजमाप त्याहून मोठं वाटतं, कारण इथं मधुमेहाचं दुखणं सुरू होण्याच्या कितीतरी आधी त्याची पाळंमुळं दिसतात. चरबी अंगात नुसती पडून राहत नाही. तिच्यातून मेदाम्लं रक्तात सुटतात, ती वाढली की यकृत आणि स्नायू इन्शुलिनला दाद देईनासे होतात. त्यात स्नायूच तोकडे असले, तर साखर जिरवायची कुणी?

ही पोर सहा वर्षांची झाली की पुन्हा तपासणी होईल. ज्या आयांच्या रक्तात गरोदरपणी बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये इन्शुलिनला न जुमानण्याचं प्रमाण अधिक आढळेल. भाकरी आणि पातळ कालवणावर दिवस काढणाऱ्या घरात बी-१२ येणार कुठून? दूधसुद्धा आधी डेअरीला जातं. म्हणून ही पिढी वयात आल्यावर, २०१२ नंतर, तिच्याच बरोबरीच्या मुलामुलींना चाचणीतल्या बी-१२ च्या गोळ्या दिल्या जातील, त्यांच्या पोटी बाळं येण्याच्या आधीच. आणि ती बाळं जन्मली की त्यांचंही असंच मोजमाप होईल.