दान, वशिला आणि हक्क : कुंभकोणम परिसरातील बेकारांच्या आधाराची कथा

कुंभकोणमहून मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, दिशेने निघाले की काही मैलांतच चोळपुरम् लागते. गाव लहान, भोवती कावेरीच्या पाण्यावर पोसलेली भातशेती. 1934 साली मेट्टूरचे धरण पुरे झाले, तेव्हापासून येथील मजुरांचे वर्ष त्या धरणाच्या दरवाजांशी बांधले गेले आहे. रिवाजाप्रमाणे 12 जूनला पाणी सुटले तर ‘कुरुवै’ भाताची लावणी वेळेवर होते. पाणी लांबले की हात रिकामे. अशा रिकाम्या हातांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न या भूमीत जुना आहे, आणि त्याची उत्तरे शोधण्यात मराठी माणसाचाही वाटा आहे.

पहिले उत्तर छत्रांचे. तंजावरच्या भोसले घराण्याने रामेश्वरच्या वाटेवर अन्नछत्रे उभारली. 1799 च्या कराराने राज्यकारभार कंपनी सरकारच्या हाती गेला, तरी सरफोजी महाराजांनी छत्रांवरील आपला अधिकार सोडला नाही; 1801 साली रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात तेथील अन्नदानाचे आणि रुग्णसेवेचे वर्णन करून त्यांनी या धर्मकार्यात हात न घालण्याची विनंती केली. ओरत्तनाडच्या मुक्तांबा छत्रात तर अन्नाच्या जोडीला पाठशाळा आणि उपचारांचीही सोय होती. व्यवस्था उदार खरी. पण ती वाटसरूसाठी होती. तेथे भूक भागे, काम मिळत नसे.

29 ऑक्टोबर 1855 रोजी दुसरे शिवाजी महाराज निपुत्रिक वारले आणि राज्य खालसा झाले. दरबारावर पोट असलेल्या मराठी कुटुंबांचा आधार तुटला. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी दावा लावला. 1859 साली प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला, की राज्य ताब्यात घेणे ही राजसत्तेची कृती असून न्यायालयाला तिची चौकशी करता येत नाही. जेथे राणीची ही गत, तेथे कारकुनाची दाद कोण घेणार? ज्यांना इंग्रजी विद्या साधली त्यांचे बरे चालले. कुंभकोणमला 1828 साली जन्मलेले सर टी. माधवराव तर त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तिन्ही संस्थानांचे दिवाण झाले. अशी उदाहरणे आपण अभिमानाने सांगतो. मागे राहिलेल्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

पण इंग्रजी शिक्षणानेही प्रत्येकाची सोय झाली असे नाही. याच कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात 1904 साली दाखल झालेल्या एका विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती गणिताखेरीज अन्य विषयांतील अपयशामुळे गेली. पुढे परीक्षाही साधली नाही. लग्न झालेले, हाताशी पदवी नाही. वह्या काखेत मारून तो नोकरीसाठी दारोदार फिरला. हे श्रीनिवास रामानुजन्. अखेर नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्रराव यांनी त्यांना स्वतःच्या खिशातून दरमहा 25 रुपये देऊ केले. दुसऱ्यावर फार काळ भार होऊन राहणे रामानुजनना रुचेना. 1 मार्च 1912 रोजी ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये 30 रुपयांवर कारकून झाले. जगाला एक थोर गणिती लाभला, तो एका कलेक्टराच्या चांगुलपणामुळे. वही न समजणारा कलेक्टर भेटला असता तर?

विलक्षण गोष्ट अशी, की 1914 साली रामानुजन् ज्या इंग्लंडला गेले, तेथे 1911 च्या कायद्याने काही ठरावीक धंद्यांतील कामगारांना बेकारीत आठवड्याला 7 शिलिंग मिळू लागले होते. तेच राज्यकर्ते हिंदुस्थानात होते. पण तसा कायदा त्यांनी येथे केला नाही. सेवायोजन कार्यालये आली ती 1945 साली, आणि तीही युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी. इतरांना ती 1948 मध्ये खुली झाली.

बेकाराला दात्याच्या मर्जीतून सोडवणारा कायदा पुढे महाराष्ट्रात झाला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात प्रयोग केला होता. 1972 च्या दुष्काळाने त्याची निकड पटवली. मे 1973 मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती. रोजगार हमीचा कायदा 1977 साली संमत होऊन 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या प्रौढास 15 दिवसांत काम द्यावे. न दिल्यास भत्ता द्यावा. खर्चासाठी शहरातील नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाई, आणि सरकार तेवढीच भर घाली. मुंबईच्या कारकुनाने मराठवाड्यातील मजुराचा भार उचलावा, ही कल्पना मला छत्राहूनही मोठी वाटते. भत्ता मात्र क्वचितच कोणाच्या पदरात पडला. अर्जाची तारीखवार पोच देण्यातच टाळाटाळ होई, आणि पोच नसली की 15 दिवस मोजायचे कोठून?

सुशिक्षित बेकारांसाठी तामिळनाडूने या शतकात मासिक भत्ता सुरू केला. अट अशी, की सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून 5 वर्षे झालेली असावीत. पाच वर्षे कशावर काढावीत, याची तजवीज त्यात नाही.

महाराष्ट्राच्या धर्तीवर 2005 साली देशासाठी कायदा झाला. त्यात ग्रामीण कुटुंबास वर्षाला 100 दिवसांच्या कामाची हमी होती. पाग्यांच्या योजनेत ‘क’ वर्गाच्या छोट्या नगरपालिकाही होत्या. केंद्राच्या कायद्याने त्या गाळल्या आणि केवळ ग्रामीण क्षेत्र धरले. चोळपुरम् नगरपंचायतीत मोडते. त्यामुळे शेजारच्या ग्रामपंचायतीतील मजुराला त्या कायद्याखाली काम मागता येई. चोळपुरमच्या हद्दीत राहणाऱ्या, त्याच पाण्यावर अवलंबून असलेल्या मजुराला तो अधिकार मिळाला नाही.