साभार परत

२३ फेब्रुवारी १९९५ रोजीं फ्रान्सच्या शेरबुर्ग बंदरांतून ‘पॅसिफिक पिन्टेल’ नांवाचें ब्रिटिश जहाज जपानकडे निघालें. त्यावर माल तो काय, तर २८ पोलादी नळकांडीं! प्रत्येकाची उंची सुमारें साडेचार फूट, वजन अर्ध्या टनाच्या आंतबाहेर, आणि पोटांत कांच. परंतु ही कांच अशी कीं, तिच्याजवळ आडोशावांचून उभा राहणारा मनुष्य कांहीं मिनिटांतच जिवास मुकण्याइतके किरण अंगावर घेईल.

जपानच्या वीजकंपन्यांनीं आपल्या अणुभट्ट्यांतील वापरलेलें इंधन फ्रान्स व ब्रिटन येथें पुनर्प्रक्रियेसाठीं पाठविलें होतें. फ्रान्समधील ला हागच्या कारखान्यांत तें आम्लांत विरघळवून त्यांतून युरेनियम व प्लुटोनियम वेगळें काढीत; उरलेला जहाल द्राव सुकवून कांचेबरोबर वितळवीत आणि पोलादांत ओतीत. हा उरलेला कचरा कोणाचा? आरंभींच्या करारांत त्याच्या परतीचें कलमच नसे. गिऱ्हाइकानें पैसे मोजावे व बाकीचें कारखानदारानें पाहावें, असा तो भोळा कारभार! १९७६ पासून मात्र ब्रिटननें नव्या करारांत कचरा परत पाठविण्याचा हक्क राखून ठेवला, आणि फ्रान्सनें ३० डिसेंबर १९९१ च्या कायद्यानें परक्यांचा कचरा प्रक्रियेस लागेल त्याहून अधिक काळ आपल्या भूमींत ठेवण्यास मनाईच केली.

जहाजाची वाट सोपी नव्हती. केप हॉर्नच्या वळणावर चिलीच्या आरमारानें त्यास आपल्या सागरी हद्दीबाहेर घालविलें. अखेर २५ एप्रिल रोजीं तें जपानच्या उत्तरेकडील आओमोरी प्रांतांत, मुत्सु-ओगावारा बंदराशीं पोंचलें. जवळच रोक्काशो गांवीं कोठार सिद्ध होतें. परंतु बंदराचा परवाना प्रांताचे नुकतेच निवडून आलेले गव्हर्नर मोरिओ किमुरा यांच्या हातीं होता, व तो त्यांनीं नाकारला. धन्याच्या दारीं येऊन माल उंबऱ्याबाहेर तिष्ठत राहिला!

यांत निव्वळ आडमुठेपणा पाहणें अन्यायाचें होईल. रोक्काशोचें कोठार ३० ते ५० वर्षांपुरतें, असें ठरलें होतें. पुढें काय, हें कोणीच सांगत नव्हतें. आणि हजारों वर्षें जहाल राहणाऱ्या वस्तूच्या बाबतींत ‘तात्पुरतें’ या शब्दाचा भरंवसा तो काय धरावा? गव्हर्नरच्या संमतीवांचून आओमोरीस अंतिम दफनभूमि करणार नाहीं, अशी हमी टोकियोच्या सरकारनें दिली, तेव्हां कोठें दुसऱ्या दिवशीं जहाज धक्क्यास लागलें.

फ्रान्सकडून पुढें २००७ पर्यंत एकंदर १२ खेपांत १,३१० नळकांडीं आलीं. ब्रिटनच्या खेपा २०१० पासून सुरू झाल्या. जर्मनीचा कचराहि १९९६ ते २०११ या काळांत ला हागहून आगगाडीनें गोर्लेबेनकडे परतला, तोहि हजारों पोलिसांच्या पहाऱ्यांत.

दफनभूमीच्या शोधार्थ जपाननें २०२० सालीं होक्काइडो बेटावरील सुत्त्सु व कामोएनाई येथें कागदोपत्रीं पाहणी आरंभिली. त्या पहिल्या २८ नळकांड्यांची मुदत २०४५ सालीं पुरी होते.