दमणीपासून मोटारीपर्यंत : बैठकीची पारख

वाहनाची पारख त्याच्या वेगावरून करावी की त्याच्या बैठकीवरून, हा प्रश्न आज महागड्या आणि वेगवान मोटारींच्या निमित्ताने चर्चिला जात असला, तरी परभणीसारख्या जिल्ह्यात, जेथे पक्की सडक उशिरा आली आणि काळ्या मातीतील गाडीवाट पिढ्यान्पिढ्या तीच राहिली, तो मोटारीच्या पुष्कळ आधी उपस्थित झालेला होता. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या काठी निजामी अंमलात धान्य, कापूस व कडबा वाहणारी ओझ्याची गाडी शेतकऱ्याच्या दारोदार असे. परंतु केवळ माणसांनी बसून जावयाची दमणी ही वस्तू निराळी, आणि ती दारात असणे हे देशमुख, देशपांडे, वतनदार पाटील किंवा बाजारपेठेतील सावकार यांच्या घराण्याचे लक्षण मानले जाई. मुलीला सासरी पोचवावयाची, गंगाखेडला गोदास्नानासाठी जावयाचे, अथवा तालुक्याच्या कचेरीत एखाद्या दाव्याच्या तारखेस हजर राहावयाचे, अशा प्रसंगी ती जुंपली जाई.

दमणीची साटी हलकी, चाके घोटीव, वर बांबूच्या कमट्यांचा सांगाडा आणि त्यावर कापडाचे किंवा तट्ट्याचे छत असे. साटीखाली कमानी नसल्यामुळे वाटेतील दगडाचा धक्का थेट बसणाऱ्याच्या कण्यापर्यंत पोचावयाचा, आणि म्हणून धक्का शोषून घेण्याचे सारे कार्य बैठकीकडेच सोपविलेले होते : आधी कडब्याचा जाड थर, त्यावर घोंगडी, त्यावर पिंजाऱ्याने भरलेली गादी आणि पाठीस लोड. ज्या गावरानी कापसाच्या लांब धाग्याची कीर्ती नांदेड-परभणीच्या बाहेर दूरवर गेली, आणि ज्याच्या व्यापारावर मानवत व सेलू येथील पेठा वाढल्या, तोच कापूस या गाद्यांत असे, हे मला विशेष अर्थपूर्ण वाटते. कारण वाहनाच्या अंतर्भागास त्या त्या भूमीचे द्रव्य लाभणे ही गोष्ट पुढे मोटारीच्या युगात जवळजवळ नाहीशी झाली.

सजावट होती, नाही असे नाही. बैलांच्या पाठीवर झुली, गळ्यात घुंगुरमाळा, छताच्या आतील बाजूस रंगीत अस्तर आणि स्त्रियांसाठी पडदे, हा थाट पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरे. परंतु जाणत्याची दृष्टी तेथे फार वेळ रेंगाळत नसे. आख सरळ आहे काय, कुण्या घट्ट आहेत काय, साटीच्या फळ्यांची एखादी धार नऊवारी लुगड्यास अडकण्यासारखी आहे काय, वृद्ध माणसाला पाय टेकून वर चढता येईल इतकी पायरी खाली आहे काय, आणि पाण्याने भरलेला फिरकीचा तांब्या न कलंडता ठेवता येईल असा कोपरा आहे काय, हे तो पाही. बसणाऱ्याच्या शरीराशी ज्या गोष्टीचा संबंध येतो तिला अग्रक्रम, आणि बघ्याच्या डोळ्यांशी जिचा संबंध येतो तिला दुय्यम स्थान, असा हा न्याय होता. मोटारीच्या अंतरंगाची परीक्षा करताना याहून अधिक विश्वासार्ह कसोटी मला आजतागायत आढळलेली नाही.

वेगाचे शास्त्र याच मुलखात, पण वेगळ्या रिंगणात सिद्ध झाले. मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सीमेवर शंकरपटाची, म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतींची, परंपरा जुनी आहे. पटाची छकडी बैठकीच्या नावाने जवळजवळ रिकामी असते : जू, दांडी, दोन हलकी चाके आणि हाकणाऱ्याला कसेबसे अंग तोलून राहता येईल एवढी जागा. सेकंदांवर मोजल्या जाणाऱ्या त्या धावेत गादीचे वजन हेही ओझे ठरते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींस मनाई केली, २०२१ च्या डिसेंबरात महाराष्ट्रात त्यांना सशर्त मोकळीक मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. या सर्व उलथापालथीत छकडीची घडण मात्र फारशी बदलली नाही. एकाच मालकाच्या गोठ्याशेजारी दमणीही असे आणि पटाची छकडीही असे, पण एकीत दुसरीचे गुण मिळवावेत असे कोणाच्या मनात आले नाही. वेग आणि सुखासन ही दोन्ही एका सांगाड्यात, आणि तीही माफक किमतीत, कोंबण्याची आकांक्षा सर्वस्वी मोटारयुगाची आहे.

निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या राजधानीत या आकांक्षेचे पहिले टोक फार लवकर दिसले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १९११ साली रोल्स-रॉईस कंपनीकडे जी सिल्व्हर घोस्ट मोटार मागविली, तिचे शरीर लंडनच्या बार्कर या गाडीकारखान्याने बांधले. मागील आसन सिंहासनासारखे उंच करण्यात आले, आणि बाहेरचा रंग पिवळा ठेवण्यात आला. त्याच वर्षी ऑगस्टात निजामांचा अंत झाला, गाडी त्यानंतर आली, आणि ती आज चौमहल्ला राजवाड्यात पाहावयास मिळते. तिच्या अंतर्भागाचा हेतू बसणाऱ्यास आराम देणे हा नसून त्याला रस्त्यावरील प्रजेच्या दृष्टीस पाडणे हा होता. म्हणून कलाकुसर कितीही उच्च असली, तरी दमणीच्या न्यायाने तिला मी वाहनापेक्षा फिरता दरबारच म्हणेन.

परभणीच्या रयतेच्या वाट्याला आलेली यंत्रवाहने अगदी वेगळी होती. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग परभणी आणि पूर्णा येथून गेला, आणि तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांनी लोकांना गादीवाचून प्रवास करण्याची सवय लावली. १९३२ च्या जूनमध्ये निजामाच्या रेल्वेखात्याने २७ गाड्या आणि १६६ नोकर यांच्यानिशी सरकारी मोटार वाहतूक सुरू केली. त्या गाड्या स्कॉटलंडच्या आल्बियन कंपनीच्या होत्या. पुढे १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला, आणि जिल्ह्यातील खाजगी मोटार म्हणजे अँबॅसडर किंवा फियाट असा काळ दीर्घकाळ टिकला. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट १९७४ पासून पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. दोन्ही गाड्यांत पुढे एकच अखंड बाक आणि सुकाणूच्या दांड्याला जोडलेला गिअर असल्याने पुढेही तिघे बसू शकत, आणि सरकारी अँबॅसडरच्या आसनांवर पांढऱ्या टॉवेलच्या खोळी घातलेल्या असत. त्या खोळींना केवळ अधिकाराचे चिन्ह समजणे योग्य नव्हे : परभणीचा पारा वैशाखात ४५ अंशांवर चढतो तेव्हा तापलेल्या रेक्झिनवर उघड्या हाताने टेकता येत नाही, आणि घाम टिपणारी, धुता येणारी सुती खोळ ही गादीचीच वंशज होती.

यानंतरचा अध्याय परभणीपासून सुमारे २०० किलोमीटरवर घडला. औरंगाबादजवळच्या शेंद्रा वसाहतीत २००१ साली स्कोडाची ऑक्टेव्हिया तयार होऊ लागली, २००७ पासून तेथेच ऑडीच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली, आणि २०१० च्या ऑक्टोबरात औरंगाबादच्या व्यावसायिकांनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज गाड्या एकदम खरेदी केल्या, तेव्हा मराठवाड्याकडे केवळ दुष्काळाच्या चष्म्यातून पाहणाऱ्या साऱ्या देशाचे लक्ष तिकडे गेले. मला स्वतःला त्या १५० गाड्यांहून २००४ ची ऑक्टेव्हिया आरएस अधिक महत्त्वाची वाटते. १.८ लिटरचे टर्बो इंजिन, १५० अश्वशक्ती, आणि तरीही मागे प्रशस्त बाक व सामानाला ऐसपैस जागा. तिच्या आसनांना कड होती, पण ती वळणावर शरीर सावरण्यापुरती. छकडी आणि दमणी यांचा संयोग मराठवाड्याच्या भूमीवर प्रथम साधला तो या गाडीत.

चाकणला जुळणी झालेली मर्सिडीज-एएमजी ए ३५ ही २०२१ साली बाजारात आली, आणि विलासी वेगवान मोटारींच्या जगाचा उंबरठा आज अशाच गाडीला म्हणावे लागेल. ३०६ अश्वशक्ती, आणि स्थिर अवस्थेतून ताशी १०० किलोमीटरचा वेग ४.८ सेकंदांत. आत शिरताच दृष्टी खिळते ती सव्वादहा इंचांच्या जोडपडद्यावर, विमानाच्या यंत्रासारख्या गोल वायुद्वारांवर, लाल शिवणीवर आणि ६४ रंगांत पालटणाऱ्या अंतर्दीपांवर. उंबरठ्यावरच्या गाडीची खरी अडचण येथेच आहे, आणि ती कोण्या एका कंपनीची नव्हे, साऱ्या वर्गाची आहे : वरच्या श्रेणीतील गाडीची दर्शनी चिन्हे उसनी आणण्यासाठी जो खर्च होतो, तो भरून काढण्यासाठी डोळा जेथे जात नाही तेथे, म्हणजे दाराच्या खालच्या भागात, मधल्या कप्प्याच्या कडेला, मागील आसनाच्या लांबीत, हात आखडावा लागतो. म्हणून परीक्षकाने पडदा बंद करून हात खाली न्यावा. गुडघा जेथे टेकतो ते प्लॅस्टिक कठीण आहे की मऊ, गार हवेचा वेग रस्त्यावरून नजर न काढता बदलता येतो की नाही, चकचकीत काळ्या पृष्ठावर आपल्याकडची बारीक धूळ बसली तर ती पुसताना ओरखडे उठतात काय, ही चौकशी विक्रेत्याच्या थंड दालनात न करता भर दुपारी उन्हात उभ्या केलेल्या गाडीत करावी.

त्या कसोटीवर चाकणच्या या गाडीतील चालकाचे आसन मला उत्तम वाटते. मांडी, कंबर आणि खांदा यांना ते जसे धरते तसे धरणारे आसन तिच्या किमतीला विरळाच मिळेल. मागील बाकाविषयी मात्र तसे म्हणता येणार नाही. मांडीखालचा आधार तोकडा, आणि छताचा उतार व आसनाची सखलता यांमुळे वृद्धांना आत-बाहेर करणे कष्टाचे. जिंतूरहून परभणीला रोज एकट्याने जाणाऱ्या तरुण व्यावसायिकाने ती अवश्य घ्यावी; पण आईवडिलांना बसवून पंढरपूर गाठावयाचे असेल, तर त्याच पैशात याहून मंद आणि उंच गाडी निवडणारा माणूस दमणीच्या काळातील जाणत्यांच्या अधिक जवळचा आहे, असे माझे मत आहे.