तळटीप : 'स्टार वॉर्स'ची चित्रकथामालिका

* लेखकाला इथे अभिप्रेत आहे ती मार्व्हल कॉमिक्सने १९७७ ते १९८६ या काळात काढलेली १०७ अंकांची 'स्टार वॉर्स' मालिका. तिला 'चित्रपटावरून उतरवलेली' एवढेच म्हणणे अन्यायाचे ठरेल. पहिला अंक विक्रीला आला, तेव्हा चित्रपट (२५ मे १९७७) प्रदर्शितही झाला नव्हता. लेखक रॉय थॉमस आणि चित्रकार हॉवर्ड चेकिन यांचा मुख्य आधार होता पटकथेचा आणि चित्रीकरणाच्या वेळच्या छायाचित्रांचा. त्यामुळे चित्रपटातून कापले गेलेले ल्यूक आणि त्याचा मित्र बिग्ज यांचे प्रसंग या पानांवर शाबूत राहिले. आणि जबा द हट हा पुढे जगाला ठाऊक झालेल्या अजस्र, लिबलिबीत देहाऐवजी दोन पायांवर चालणारा सडपातळ परग्रहवासी दिसतो. मूळ कथा सहा अंकांत संपली. दुसरा चित्रपट यायला १९८० उजाडले. मधल्या काळात ही पात्रे जिवंत ठेवण्याचे काम या मालिकेने केले, आणि तिचे खरे मोल आम्हांला तिथेच वाटते. हिरव्या सशाच्या रूपातला तस्कर जॅक्सन याच काळातला. अंक ३९ ते ४४ मधल्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' या दुसऱ्या चित्रपटाच्या रूपांतरातील अल विल्यमसन यांची रेखाटने वाचकाने मुद्दाम मिळवून पाहावीत. मार्व्हलचे पुढचे मुख्य संपादक जिम शूटर यांच्या मते, बुडत्या कंपनीला सुरुवातीच्या वर्षांत या मालिकेनेच तारले.