ऋतुपर्णाची गणना आणि संभाव्यताशास्त्र

महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान आम्ही मोर्शी येथे अनेक वर्षे संस्कृताच्या वर्गात शिकविले. ऋतुपर्ण राजाने बेहड्याच्या झाडावरील पाने व फळे रथात बसूनच सांगितली, या प्रसंगाशी आलो की, संभाव्यताशास्त्र पाश्चात्त्यांच्या आधी शेकडो वर्षे आमच्या पूर्वजांस अवगत होते, असे विधान आम्ही बेधडक करीत असू. आमची नात पदवीच्या वर्गात संख्याशास्त्र शिकते. तिने एके दिवशी विचारले, "आबाजी, राजाने थोडी फळे पाहून साऱ्यांचा अंदाज बांधला म्हणता, मग तो अंदाज शेवटच्या फळापर्यंत बिनचूक कसा आला?" आम्हांस उत्तर सुचले नाही. त्या प्रश्नापायी मूळ ग्रंथ पुन्हा वाचणे आणि नातीच्या क्रमिक पुस्तकाचे आरंभीचे धडे गिरविणे, ही दोन्ही कामे आम्हांस करावी लागली. त्यांचे फल वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम कथा पाहू. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून अयोध्येचा ऋतुपर्ण कुंडिनपुरास निघाला. वर्धेच्या तीरावरील कौंडिण्यपूर हेच ते नगर अशी परंपरा असल्याने आम्हां अमरावती जिल्ह्यातील लोकांस ही कथा घरची वाटते. रथ हाकणारा बाहुक म्हणजे वेषांतर केलेला नल. वाटेत बेहड्याचे झाड दाखवून राजाने त्याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने व २०९५ फळे आहेत असे सांगितले. प्रत्यक्ष मोजल्यावाचून बाहुक ऐकेना. उशीर होतो म्हणून राजा नाखूष होता. प्रचलित पाठात तो बाहुकास फांदीचा 'एकदेश', म्हणजे एक भाग, मोजावयास सांगतो. बाहुकाने झाड पाडून फळे मोजली, ती सांगितली तितकीच भरली. तेव्हा राजाने आपण अक्षहृदय जाणतो व संख्यानातही निपुण आहो असे सांगून ती विद्या नलास दिली.

इअन हॅकिंग यांनी संभाव्यतेच्या उद्गमावरील आपल्या १९७५ च्या ग्रंथात या प्रसंगाची दखल घेतली आहे. फाशांचे ज्ञान आणि संख्येचे ज्ञान एकाच माणसाच्या ठायी एकत्र यावे, ही गोष्ट खरोखर लक्षणीय आहे. परंतु तेवढ्यावरून आम्ही काढीत होतो तो निष्कर्ष निघत नाही. याची कारणे अशी.

पहिले कारण पाठातलेच आहे. राजाने संख्या कोणत्या रीतीने काढली हे ग्रंथ सांगत नाही. 'एकदेश' हा शब्द आला आहे तो राजाच्या गणनेविषयी नसून बाहुकाच्या पडताळ्याविषयी आहे. शिवाय अंशावरून काढलेल्या अंदाजात थोडीबहुत चूक राहावयाचीच. एका फळाचाही फरक न पडणे ही अंदाजाची नव्हे, अद्भुताची खूण होय.

दुसरे कारण अक्षविद्येच्या स्वरूपाचे. प्राचीन द्यूतात बेहड्याची फळेच अक्ष म्हणून वापरीत. ल्यूडर्स या जर्मन पंडिताने १९०७ साली या द्यूताची साधार चर्चा केली. त्या विवेचनानुसार फळांच्या संख्येस चारांनी भागून उरणाऱ्या शेषावरून कृत, त्रेता, द्वापर, कलि हे डाव ठरत. अशा खेळात ज्यास रास पाहताक्षणी मोजता येते तोच जिंकणार. म्हणून अक्षहृदय व संख्यान जोडीने येतात, आणि नलाच्या देहातून निघालेला कलि बेहड्यातच शिरतो. ऋतुपर्णाची विद्या अनिश्चितता नाहीशी करणारी आहे; संभाव्यताशास्त्र अनिश्चितता तशीच ठेवून तिचे माप घेते. हा भेद आमच्या ध्यानी आला नव्हता.

मग आमच्याकडे काय होते? उत्तम गणित होते. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (शके १०७२, इ. स. ११५०) अंकपाश म्हणून जे प्रकरण आहे, त्यात वस्तूंच्या मांडणीचे प्रकार मोजले आहेत. हरीच्या चार हातांतील आयुधांचे २४ प्रकार होतात, शंभूच्या दहा हातांतील आयुधांचे ३६,२८,८००. काही अंक सारखे असले तर प्रकार कसे घटतात, तोही नियम तेथे आहे. हाच नियम विद्यापीठातील नवशिक्यास उपयोगी पडतो. तीन फासे टाकले असता बेरीज ९ येण्याचे सहा गट व १० येण्याचेही सहाच. म्हणून दोन्ही सारख्याच वेळा येतील असे वाटते. आम्हीही तसेच म्हणालो व चुकलो. ३-३-३ हा गट एकाच प्रकारे पडतो, ३-३-४ तीन प्रकारे, १-२-६ सहा प्रकारे. अशा रीतीने मोजले असता एकूण २१६ प्रकारांपैकी ९ चे २५ व १० चे २७ होतात. गॅलिलिओने हाच हिशेब केला होता. प्रकार मोजण्याची रीत भास्कराचार्यांजवळ होती. अनुकूल प्रकारांस एकूण प्रकारांनी भागून येणारा अपूर्णांक हे शक्यतेचे माप मानावे, हे पाऊल मात्र लीलावतीत नाही. त्या दिशेचा पद्धतशीर विचार १६५४ सालच्या पास्काल व फर्मा यांच्या पत्रव्यवहारापासून धरतात.

एकदेशाचे खरे शास्त्र वऱ्हाडात आले ते कापसाच्या शेतात. पूर्वी पीक किती आले हे नजरआणेवारीने ठरे. ती ऋतुपर्णाचीच रीत, मात्र ऋतुपर्णाची दृष्टी नसलेली. नव्या पीककापणी-पद्धतीत शेते चिठ्ठ्या टाकाव्या तशी यदृच्छेने निवडतात, म्हणजे पाहणाऱ्याच्या नजरेस व मर्जीस वाव राहत नाही; लहानसा तुकडा मोजून त्यातील माल तोलतात; आणि अंदाजासोबत त्यात चूक किती संभवते तेही सांगतात. पानसे व सुखात्मे या दोघां महाराष्ट्रीयांनी शेतीसंशोधकांसाठी लिहिलेला संख्याशास्त्रीय ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला. पुण्यात जन्मलेल्या वि. प्र. गोडंबे यांनी १९५५ साली अशा नमुना-निवडीच्या सिद्धान्तास एकसूत्र रूप दिले. महाराष्ट्राने अभिमान धरावयाचा तर तो येथे धरावा.

सारांश, आमचे पूर्वीचे विधान आम्ही मागे घेतो. नलोपाख्यान वर्गात अवश्य शिकवावे, २०९५ फळांचा श्लोकही गाळू नये. परंतु तेथे नातीने विचारलेला प्रश्न शिक्षकाने स्वतःच विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. आम्ही तो इतकी वर्षे ठेवला नाही, याची खंत वाटते. प्रत्यक्ष मोजल्यावाचून राजाचेही न ऐकणारा बाहुक त्याच कथेत आमच्या समोर उभा होता.