पायाची शीर, जबड्याचं हाड आणि भरतकामाची सुई

आजची गोष्ट सुरू होते एका खुनापासून. 24 जून 1894, फ्रान्समधलं ल्यों शहर. राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर चाकूहल्ला झाला. यकृताकडे जाणारी मोठी शीर कापली गेली आणि काही तासांत ते गेले. डॉक्टर हजर होते, पण एवढी मोठी शीर शिवायची कशी, हे तेव्हा कुणालाच नीट जमत नव्हतं.

त्याच शहरात अलेक्सी कारेल नावाचा मेडिकलचा विद्यार्थी होता. ही घटना त्याच्या डोक्यातून जाईना. ल्यों म्हणजे रेशमाचं शहर. पठ्ठ्याने भरतकाम करणाऱ्या एका बाईंकडून बारीक टाके शिकून घेतले! 1902 मध्ये त्याने युक्ती मांडली: रक्तवाहिनीच्या गोल तोंडाला तीन टाके घालून ताणायचं. गोलाचा त्रिकोण होतो आणि सरळ कडा शिवता येते. पुढे शिकागोत चार्ल्स गथ्रींसोबत त्याने धमनीत शिरेचा तुकडा बसवून दाखवला, कुत्र्यांवर. 1912 ला नोबेल.

आता जबड्याकडे येऊ. तोंडाच्या कॅन्सरमध्ये कधीकधी खालच्या जबड्याचा मोठा भाग काढावा लागतो. चावणं, बोलणं, चेहरा, सगळ्यावरच घाव. तिथे नुसतं हाड लावून भागत नाही, त्याला रक्त हवं. 1960 मध्ये अमेरिकेत ज्यूल्स जेकबसन यांनी मायक्रोस्कोपखाली बारीक रक्तवाहिन्या जोडल्या. 1989 मध्ये न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी पायातलं बारीक हाड, फिब्युला, रक्तवाहिन्यांसकट काढून त्याचा जबडा करायची पद्धत प्रसिद्ध केली.

पण आधीच्या ऑपरेशनने किंवा रेडिएशनने मानेतल्या जवळच्या रक्तवाहिन्या खराब झाल्या असतील तर? मग लांबच्या वाहिनीपर्यंत पोचायला पायातल्याच शिरेचा तुकडा मध्ये जोडतात. चक्क एक्स्टेन्शन वायर! फक्त शिरेत एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. म्हणून धमनीला जोडताना तुकडा उलटा फिरवायचा, नाहीतर रक्त अडलंच समजा.

सर्जन हा उपाय शक्यतो टाळतात. जास्तीचा प्रत्येक जोड म्हणजे गुठळी व्हायला आणखी एक जागा. आम्हा कोडिंगवाल्यांचंही तसंच असतं, पण आमचा प्रोग्राम पडला तर परत चालू करता येतो. इथे रक्त थांबलं तर हातात काही तासच असतात.

कार्नो वाचले नाहीत. पण त्या रात्री पडलेल्या प्रश्नामुळे आज कुणीतरी स्वतःच्याच पायाच्या हाडाने घास चावतंय.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!